ओल्या कचऱ्याचा धंदा सुक्या पाल्यावर चालतो

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटीत चौदा वर्षं झाली, बाणेर-बालेवाडी भागात राहतो, नोकरी सोडून हाउसिंग सोसायट्यांचा ओला कचरा त्यांच्याच आवारात जिरवून देण्याची सेवा सुरू करायची आहे. '२४ तासांत खत' करणाऱ्या एका यंत्राची वितरकी ८ लाख अनामतीवर मिळते आहे. ती घ्यावी का, पैसे कशातून सुटतात आणि राजीनामा कधी द्यावा?

आधी उत्तरं, मग कारणं. वितरकी घेऊ नका. पैसे खत विकून सुटत नाहीत, दर महिन्याच्या सेवाशुल्कातून सुटतात, आणि त्यातही नफा की तोटा हे सुका पाला किती स्वस्त मिळतो यावर ठरतं. राजीनामा मात्र एका तरी सोसायटीत जून ते सप्टेंबर स्वतः काढल्याशिवाय देऊ नका. उन्हाळ्यात कुणाचंही खत होतं. ऑगस्टमध्ये सलग पाच दिवस झड लागलेली असताना खताची पेटी उघडली आणि वास आला नाही, तर समजायचं की काम जमलं.

पाण्याचा हिशोब

पोळी-भाजीच्या घरातल्या ओल्या कचऱ्यात वजनाच्या ७० ते ८० टक्के पाणी असतं. ७५ धरू. १०० किलो कचऱ्यात ७५ किलो पाणी, २५ किलो घन. खत करणाऱ्या जिवाणूंना ओल लागते, पण ती ६० टक्क्यांच्या वर गेली की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा तुटते आणि कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं. म्हणजे रोज येणाऱ्या प्रत्येक १०० किलोमागे ओल ७५ वरून ६० वर आणायची आहे.

१० टक्के ओल असलेला सुका पाला घातला तर किती लागेल? ३० किलो. गणित करून बघा: पाणी ७५ अधिक ३ म्हणजे ७८, एकूण वजन १३०, बरोबर ६० टक्के. पण बारीक केलेला पाला घनमीटरला साधारण १०० किलोच भरतो. ३० किलो म्हणजे घनमीटरचा जवळजवळ तिसरा हिस्सा, रोज. एवढा पाला कुठलीच सोसायटी देऊ शकत नाही.

म्हणून जाणकार लोक तयार खत परत वापरतात. १०० किलो कचऱ्याला १५ किलो पाला आणि २५ किलो सुकवलेलं, साधारण ३० टक्के ओलीचं जुनं खत घाला. पाणी होतं ७५ अधिक दीड अधिक साडेसात, म्हणजे ८४. एकूण वजन १४०. पुन्हा ६० टक्केच, आणि पाला निम्म्यावर आला. शिवाय त्या खतात जिवाणू असतातच, त्यामुळे बाटलीतलं 'कल्चर' दर महिन्याला विकत घ्यायची गरज राहत नाही. पहिल्या भरणीला घ्या हवं तर. नंतर तो खर्च बहुतेक समाधानापुरताच असतो.

याला एक मर्यादा आहे. शिजलेल्या अन्नात मीठ असतं, आणि खत पुन्हा पुन्हा फिरवलं की क्षार साठत जातात. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी विद्युतवाहकतेची, म्हणजे क्षार मोजायच्या मापाची, कमाल मर्यादा ४ डेसिसिमेन्स प्रति मीटर आहे. वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत तपासा. आकडा साडेतीनच्या पुढे सरकला की फिरवायचं खत कमी करा आणि पाला वाढवा. कुंड्यांमधली तुळस पानांच्या कडा करपून मरायला लागली की सोसायटीची बागप्रेमी मंडळी तुम्हाला हा आकडा न मोजताच सांगतील.

पाला आणायचा कुठून

पुण्यात पानगळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. सगळा पाला सारखा नसतो. वर्षावृक्ष, गुलमोहर, सुबाभूळ यांची पानं बारीक असतात, न चिरता थेट चालतात. वड, पिंपळ, फणस, बदाम यांची पानं चामड्यासारखी. तशीच टाकली तर पेटीत एकावर एक चिकटून पापुद्रा धरतात आणि त्याखाली हवा जात नाही. ती पाला बारीक करायच्या यंत्रातून काढावीच लागतात. निलगिरी टाळा, थोडी मिसळली तर बिघडत नाही.

आता पावसाळ्याचा साठा. २०० सदनिका, घरटी रोज ६०० ग्रॅम धरले तर १२० किलो ओला कचरा. त्याला रोज १८ किलो पाला. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे २,१९६ किलो, सरळ २.२ टन. बारीक करून साठवला तर २२ घनमीटर. अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब अशी एका गाडीची पार्किंगची जागा छातीच्याही वर, १.८ मीटर उंचीपर्यंत, गच्च भरली तर एवढा पाला मावतो. पुण्यातल्या सोसायटीत एक पार्किंग मागून बघा, म्हणजे या धंद्यातली खरी अडचण कळेल. शिवाय सुका पाला मीटर-रूमजवळ किंवा जनरेटरशेजारी ठेवता येत नाही, एक विडी पुरते.

म्हणून पावसाळ्यात निम्मा पाला, निम्मा भुसा अशी सांगड घालतात. भुसा लाकडाच्या वखारीतला घ्या. फर्निचरच्या कारखान्यातला स्वस्त मिळतो, पण त्यात प्लायवूड आणि एमडीएफचा (लाकडाची भुकटी दाबून केलेल्या फळ्यांचा) चुरा असतो, म्हणजे डिंक आणि रसायनं. तो खतात नको. ओळख सोपी: वखारीचा भुसा दाणेदार आणि लाकडाचा वास असलेला, एमडीएफचा पिठासारखा मऊ, नाकात जाणारा. भाताचं तूस पाणी शोषत नाही, पण पोकळी चांगली धरतं. भुशात एक चतुर्थांश मिसळलं तर गोळे होत नाहीत. कोकोपीट उत्तम शोषतं, महाग पडतं. रसवंतीगृहाचा चोथा फुकट मिळतो म्हणून लोक आणतात. तो ताजा असताना निम्मा पाणीच असतो, दोन दिवस कडक उन्हात वाळवून आणि तोडून मगच घाला, नाहीतर ओल कमी करायला आणलेली वस्तू ओल वाढवते आणि गोडव्याने गांधीलमाश्या येतात त्या वेगळ्याच.

पेट्या, जागा आणि रोजचं काम

१२० किलो कचरा, १८ किलो पाला, ३० किलो खत मिळून रोज साधारण ०.४ घनमीटर मिश्रण होतं. ते लगेच बसायला लागतं, त्यामुळे एक घनमीटरची पेटी तीन दिवसांत भरते. दहा पेट्या म्हणजे तीस दिवसांचं चक्र. पण अकरावी पेटी घ्याच आणि ती कायम रिकामी ठेवा. सातव्या-आठव्या दिवशी माल पलटावा लागतो, आणि पलटायचा म्हणजे एका पेटीतून दुसऱ्या पेटीत टाकायचा. दहाच पेट्या असलेल्या ठिकाणी पलटणं कागदावर राहतं. पुढचे तीस दिवस ढिगात मुरवायचे, त्याला चार घनमीटर जागा. सगळं मिळून, चालायच्या वाटेसह, ३०० ते ३५० चौरस फूट लागतात, वर पत्रा आणि खाली काँक्रीट.

पेटी एक मीटरपेक्षा लहान करू नका. उष्णता टिकायला तेवढा गोळा लागतो. बाजू जाळीच्या असाव्यात, पण जाळीचं भोक अर्ध्या इंचापेक्षा मोठं नको. मोठ्या भोकातून घुशीचं पिल्लू आत शिरतं. मातीवर ठेवलेल्या पेटीला घुशी खालून पोखरतात, म्हणून काँक्रीट. त्याला एका बाजूला हलका उतार आणि पाणी जमा व्हायला छोटी कुंडी. तिच्यात रोज पाणी दिसत असेल तर पाला कमी पडतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

रोजचं काम असं. कचरा पंचवीस-पंचवीस किलोंच्या टबात येतो, वजन लिहायचं, मग टेबलावर पसरायचा. इथे काय निघतं ते पाहण्यासारखं असतं: दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, सफरचंदावरचा स्टिकर, चमचे. दुधाच्या पिशवीचा कोपरा सर्वांत त्रासाचा. नखाएवढा असतो, हाताला लागत नाही, आणि दोन महिन्यांनी चाळणीवर जसाच्या तसा चमकतो. घराघरांत 'पिशवी पूर्ण कापू नका, कोपरा लटकता ठेवा' एवढं एक वाक्य पोचवलंत तर चाळणीचं अर्धं काम वाचतं.

मोठे तुकडे, फ्लॉवरचे दांडे, कलिंगडाच्या साली, इंच-दीड इंचाचे करायचे. फार बारीक नको. मिक्सरमध्ये काढल्यासारखा लगदा झाला की पोकळी जाते. मग पाला आणि जुनं खत मिसळायचं, थरावर थर नव्हे, खरंच कालवायचं. मूठभर घेऊन दाबा. लाडू वळला गेला आणि बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला तर ठीक. धार लागली तर पाला कमी. लाडूच होत नसेल तर पाणी शिंपडा, मे महिन्यात ही वेळ येते. वरून दोन इंच सुक्या खताचा किंवा पाल्याचा थर. चिलटं या थरामुळे थांबतात, फवारणीने नव्हे.

५० सेंटिमीटर दांडीचा तापमापक घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मध्यभागी ५५ ते ६५ अंश सेल्सिअस दिसायला हवं. रोगजंतू आणि बिया मरायला ५५ च्या वर सलग तीन दिवस लागतात. ४५ च्या पुढे सरकतच नसेल तर तीनच कारणं: माल फार ओला, फार कोरडा किंवा पेटी अर्धीच भरलेली. ७० च्या वर गेलं तर ताबडतोब पलटा, कामाचे जिवाणूच मरायला लागतात.

बिघाड नाकाने ओळखायला शिका. ताकासारखा आंबट वास म्हणजे हवा कमी पडते आहे, सुरुवातीचाच टप्पा. पलटून पाला घातला की दुसऱ्या दिवशी जातो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे तळ पूर्ण बुडाला; ती पेटी उपसून पुन्हा कालवायलाच हवी. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त, कार्बन कमी. डाळ-भात, मासे, चहाचा चोथा जास्त आला की होतं, भुसा घाला. लठ्ठ राखाडी अळ्या दिसल्या की रहिवासी घाबरतात. त्या काळ्या सैनिकमाशीच्या असतात, अन्न झपाट्याने खातात, घरात शिरत नाहीत, रोगही पसरवत नाहीत. पण त्या भरपूर दिसल्या म्हणजे माल ओला आहे हे खरं. आणि लिफ्टमधून त्यांचे फोटो ग्रुपवर जातात, त्यामुळे झाकायचा थर जाड ठेवा.

गांडुळांबद्दल सगळे विचारतात. गांडूळ ३५ अंशांच्या वर तगत नाही. ताजा कचरा ६० अंशांना जातो, वर पुण्याचा एप्रिल. त्यामुळे गांडूळ सोडायचंच असेल तर वीस दिवस कुजून थंड झालेल्या मालात, सावलीत.

मोसमाप्रमाणे येणारा माल आधी माहीत असू द्या. आमरसाच्या दिवसांत कोया येतात. त्या महिनाभरात कुजत नाहीत, वेगळ्या काढून वर्षभराच्या ढिगात टाका. शहाळी आणि करवंट्या पेटीत घ्यायच्याच नाहीत. गणपतीच्या दहा दिवसांत निर्माल्य, तेही नेमकं पावसात. हारातला दोरा आणि जरीचे धागे आधी काढायला माणूस लागतो, कारण दोरा पलटताना फावड्याला गुंडाळतो. दिवाळीत फराळाचा तेलकट माल, आणि त्याच आठवड्यात तुमचे कामगार गावी.

खत तयार झालं का? मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर झालं. दुसरी परीक्षा मेथीची: खत पाण्यात कालवून गाळलेल्या पाण्यावर दहा दाणे टाका, आठ तरी रुजले पाहिजेत.

ते २४ तासांचं यंत्र

पुन्हा पाण्याचाच हिशोब. १२० किलो कचऱ्यात ९० किलो पाणी, ३० किलो घन. यंत्रातून निघणारी भुकटी १५ टक्के ओलीची धरली तर ती ३५ किलो भरते, म्हणजे ८५ किलो पाणी वाफ करून उडवावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट ऊर्जा लागते, ती निसर्गाची किंमत आहे, थेट विजेच्या उष्णतेवर वाळवणारं कुठल्याही कंपनीचं यंत्र ती कमी करू शकत नाही. ८५ गुणिले ०.६३ म्हणजे ५३ युनिट रोज, वाया जाणारी उष्णता आणि मोटर सोडून. युनिटला १० रुपये धरा: महिन्याला १६,००० रुपये, फक्त विजेचे.

आणि निघतं ते खत नसतं. ते वाळवलेलं, दळलेलं अन्न असतं. कुंडीत घालून पाणी दिलं की ते पुन्हा सडायला लागतं, पांढरी बुरशी धरतं, मुळांजवळ उष्णता होऊन रोप मरतं. ज्या सोसायट्यांनी अशी यंत्रं घेतली त्यातल्या कितीतरी ठिकाणी दुसऱ्या वर्षी यंत्रावर ताडपत्री असते. तुम्ही वितरक असाल तर त्या ताडपत्रीवर तुमचा फोन नंबर असेल. ज्या भागात तुम्हाला पुढची दहा वर्षं सेवा विकायची आहे तिथे हे नको.

एका सोसायटीचा ताळेबंद

तीच २०० सदनिकांची सोसायटी. सोसायटीने पेट्या, पत्रा आणि काँक्रीट स्वतः केलं असं धरू. एका माणसाला रोज तीन तास लागतात. एक कामगार दोन सोसायट्या करतो, त्याचा रजा-बोनससह महिन्याचा खर्च १८,००० धरला तर या सोसायटीच्या वाट्याला ९,०००. पाला किंवा भुसा ५४० किलो, पोच १० रुपयांनी ५,४००. बदली माणसासाठी राखीव १,२००. देखरेख आणि पेट्रोल १,५००. हातमोजे, फावडी, पेटीची डागडुजी ७००, किरकोळ ३००. एकूण १८,१००.

घरटी ८५ रुपये घेतले तर १७,००० येतात आणि दरमहा ११०० चा तोटा. नवीन लोक नेमके याच दराने शिरतात, कारण कमिटी '१०० च्या आत बसवा' म्हणते. ११० रुपये घेतले तर २२,००० येतात, हातात ३,९००. बारा सोसायट्या झाल्या तरी ४६,८००, तोही तुमचा पगार धरायच्या आधी.

आता वर्षातले सात महिने पाला फुकट मिळाला असं बघा. सोसायटीचा स्वतःचा, शेजारच्या शाळेच्या मैदानाचा, रस्त्यावरच्या झाडांचा. बारीक करायची मजुरी वजा जाता सरासरी २,६०० रुपये वाचतात. नफा ३,९०० वरून ६,५०० वर जातो आणि बारा सोसायट्यांचे ७८,००० होतात. सेवा तीच, माणसं तीच. म्हणून पहिली गुंतवणूक पाला बारीक करायच्या यंत्रात आणि साठवायच्या जागेत, ब्रँडिंगमध्ये नव्हे. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याने एखादी शेड मिळाली तर फेब्रुवारीत भरून ठेवा.

खत रोज १८ किलोच्या आसपास, महिन्याला साधारण ५४० किलो. घाऊक ५ रुपयांनी २,७०० रुपये, आणि बहुतेक ठिकाणी ते सोसायटीच ठेवून घेते. पिशव्यांत भरून खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेशाचे निकष आणि कृषी खात्याची परवानगी हा वेगळा धंदा आहे. पहिली दोन वर्षं त्यात पडू नका.

सोसायट्या ४५ ते ६० दिवसांनी पैसे देतात, कामगार सात तारखेला मागतो. सहा सोसायट्या म्हणजे महिन्याला १ लाख ८ हजार खर्च, दोन महिन्यांचे सव्वादोन लाख खेळते हवेत. वैयक्तिक नावाने धंदा असेल तर कंत्राटी देयकावर १ टक्का, कंपनी असेल तर २ टक्के टीडीएस कापला जातो, तोही परताव्यापर्यंत अडकतो. सेवांची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. ११० चा दर ठरवताना तो कर वेगळा लिहा, नाहीतर आठव्या-नवव्या सोसायटीला नफा आपोआप करात जाईल.

गिऱ्हाईक

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ पासून रोज १०० किलोच्या वर कचरा करणारे 'मोठे कचरा उत्पादक' ठरतात. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही १०० किलोचा निकष आहे आणि वर्गीकरण चार प्रकारांत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. पुण्याचा कचरा डेपो असलेल्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या की दर वेळी पुण्यातल्या सोसायट्यांना या नियमांची आठवण झाली. पण नियमाची भीती घालून विकलेली सेवा भीती ओसरली की बंद पडते. खजिनदाराला आकडा द्या. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. प्रकल्प चालू असला पाहिजे. '२०० घरांची ही सवलत बेरीज करून इतकी होते आणि माझं शुल्क इतकं' हा एक कागद अर्ध्या तासाच्या सादरीकरणापेक्षा भारी पडतो. कॉर्पोरेटमधली स्लाइड बनवायची सवय इथे आवरा.

पेट्यांचा मोठा खर्च कमिटी एकटी मंजूर करत नाही, सर्वसाधारण सभा करते, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. म्हणजे मे-जूनमध्ये बोलणी, जुलैत लेखी प्रस्ताव, तोच अजेंड्यावर. ऑक्टोबरात पहिल्यांदा गेलात तर वर्ष गेलं.

आणखी एक. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक सोसायट्यांत घरोघरी येतात. सुक्या कचऱ्यावर त्यांची कमाई आहे. त्याला हात लावू नका. ओला कचरा वेगळा कसा येतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, कुठल्या मजल्यावरून डायपर येतो हेसुद्धा. त्यांच्यातल्याच कुणाला वेळ जमत असेल तर पेट्यांच्या कामावर घ्या. कचऱ्याचा वास पहिल्या दिवशी सहन न होऊन पळून जाणारा माणूस शोधत बसण्यापेक्षा बरं.

करारात पाच गोष्टी लिहून घ्या, बाकी नमुना कुठलाही चालेल. रोजचं कमाल वजन आणि त्यापुढचा दर. ओल्यात ५ टक्क्यांपेक्षा जास्त इतर माल आला तर तो बाजूला ठेवण्याचा हक्क. निर्माल्य आणि दिवाळीचं वेगळं शुल्क. पाल्यासाठी झाकलेली जागा. आणि दरवाढ: महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तुमचा दर तीन वर्षं एकच राहिला तर कामगाराची वाढ तुमच्या खिशातून जाते.

सोसायट्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. एक बालेवाडीला आणि दुसरी खराडीला असेल तर त्या एकाच कामगाराच्या होत नाहीत, आणि वरचा सगळा ताळेबंद मोडतो. खराडीची ऑफर कितीही चांगली असली तरी सोडा.

राजीनाम्याआधी

नोकरीच्या करारातलं बाहेरच्या कामाचं कलम वाचा आणि लेखी परवानगी घ्या. स्वतःच्या सोसायटीत विनामोबदला चालवलेला प्रकल्प सहसा अडत नाही, आणि शिकायला तोच पुरतो. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. शेवटचं महिन्याचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. कंपनी बदलून चार-साडेचार वर्षं झाली असतील तर थांबण्याची किंमत काढून बघा, कदाचित अकरा पेट्या त्यातच येतात.

कंपनीचा आरोग्यविमा शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते, म्हणून ती आजच घ्या. घरकर्ज बदलायचं किंवा वाढवायचं असेल तर पगाराच्या पावत्या हातात असताना. नंतर बँक दोन-तीन वर्षांची व्यवसायाची विवरणपत्रं मागते. घरखर्चाची तरतूद अठरा महिन्यांची ठेवा आणि खेळत्या भांडवलात मिसळू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन स्वतःला आणि कामगारांना, अपघात विमा कामगारांना पहिल्या दिवसापासून.

वेळापत्रक: जानेवारीत दोन आठवडे स्वतःच्या सोसायटीचा कचरा रोज वजन करून लिहा, सोमवारचा वेगळा, कारण तो रविवारचा असतो. फेब्रुवारीत पाला गोळा करायला लागा. मार्चमध्ये पहिल्या तीन पेट्या, मेअखेर सगळ्या अकरा. पावसाळा काढा, आणि त्या काळात आठवड्याचे सगळे दिवस सकाळी सहाला खाली उतरता येतं का तेही कळेल. सप्टेंबरच्या सभेत शेजारच्या दोन सोसायट्यांचे ठराव घ्या. तिसऱ्या सोसायटीचं पहिलं बिल खात्यात जमा झालं, की नव्वद दिवसांची नोटीस द्या. ती बरोबर पुढच्या पानगळीला संपते.